कढीगोळ्यांचं रेकॉर्डिंग

"आता कुणीही बोलायचं नाही," मी म्हणाले आणि कूलरचं बटण बंद केलं.

आईनं मांडीवरची पाटी उचलली, तिच्यावर काहीतरी लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली. 'मी पण?'

मला हसू आलं. बाबांना आलं नाही. ते दिवाणाच्या अगदी कडेला, रिमोट दोन्ही हातांत धरून बसले होते.

"पाटी ठेव खाली," मी आईला म्हणाले. "पेन्सिलीचाही आवाज येतो. पंखा कोरडा आहे ना?"

तिनं वाळ्याचा हातपंखा आधी स्वतःच्या गालाला लावला, मग माझ्या. कोरडा होता. एरवी उन्हाळ्यात तो पंखा आमच्याकडे ओलाच असे. पण आज त्याच्यासमोर उघडी पेटी होती आणि तिच्यात वीज खेळत होती.

"वारा पाटासारखा सपाट पडू दे. या काळ्या डब्यावर. हात थांबवायचा नाही."

आईनं मान हलवली आणि पंखा हलवायला सुरुवात केली. पंख्याची मूठ बांबूची आणि जुनी होती. दर हेलकाव्याला ती बारीकशी करकरत होती. मी क्षणभर विचार केला आणि ती करकर चालवून घ्यायची ठरवली.

अकोल्यातला मे महिना होता. कूलर बंद केल्यावर आमच्या पुढच्या खोलीत माणूस किती वेळ टिकेल याचा अंदाज मला होता. ती डिस्क किती वेळ टिकेल याचा नव्हता.

बाबांचा फोन मला आदल्या दिवशी आला होता. मी तेव्हा अमरावतीला एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते.

"वैजू, तुझी माय अटकून राह्यली वं."

"अटकली म्हणजे? कुठे? घशात काही अडकलं का?"

"घशात नाई. टीव्हीत."

मग हळूहळू कळलं. रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स, ज्याला बाबा 'पेटी' म्हणत, बिघडला होता. चित्र मध्येच गोठत होतं आणि आतून टकटक असा आवाज येत होता. बाबांनी आयुष्यभर जिनिंग फॅक्टरीत यंत्रांचे आवाज ऐकले होते. ते म्हणाले, "बेअरिंग गेलं हो त्याचं." कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं होतं की पेटी बदलून मिळेल, पण जुनी रेकॉर्डिंग नव्या पेटीत येणार नाहीत.

त्या पेटीत जपण्यासारखं एकच रेकॉर्डिंग होतं. चार वर्षांपूर्वी एका वाहिनीचे लोक घरोघरी जाऊन पाककृती दाखवत होते, तेव्हा ते आमच्याकडेही आले होते. आईनं कढीगोळे केले होते. दीडेक वर्षांनी आईच्या स्वरयंत्रात गाठ निघाली आणि नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. त्यानंतर आई गळ्यावरच्या छिद्रातून श्वास घेत होती आणि पाटीवर लिहून बोलत होती. तिच्या आवाजाचं दुसरं काहीही आमच्याकडे नव्हतं. लग्नात व्हिडिओ काढायची पद्धत आमच्या घरात माझ्या वेळेपर्यंत आलीच नव्हती, आणि फोनवरचं बोलणं कोण साठवतं?

मी पहिल्या एसटीनं आले. येताना कॉलेजचा टेपवाला हँडीकॅम, तिवई आणि पेचकसांचा डबा घेऊन आले.

पेटीकडे पाहिल्याबरोबर निम्मं निदान झालं. आमच्याकडे फ्रिजला, मिक्सरला, टेलिफोनलासुद्धा कपडे घालतात. पेटीवर आधी आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल होता, त्यावर प्लास्टिकचं कव्हर, आणि त्यावर, घसरू नये म्हणून, पितळेचा नंदी. पेटीच्या झाकणाला गरम हवा बाहेर जायला फटी असतात. रुमाल बरोब्बर तेवढ्याच मापाचा होता.

"हे काहून काढून राह्यली?" बाबांनी विचारलं. "धूळ जाते ना त्यात."

"बाबा, आत डिस्क फिरते. तिला ताप येतो."

"रुमाल घालून दोन वर्षं झाली, काही झालं नाई."

"दोन वर्षं तापच होता."

आईनं रुमाल माझ्या हातातून घेतला, त्याची घडी केली आणि कपाटात ठेवून दिली.

मी पेटी उघडली. डिस्कवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. डिस्कच्या आत आरशासारखी गुळगुळीत तबकडी वेगानं फिरत असते आणि एक बारीक दांडी तिच्यावर अधांतरी तरंगत वाचन करत असते. जागा सापडली नाही की दांडी मूळ जागी परत येते आणि पुन्हा निघते. टकटक आवाज त्याचा होता. माणूस किल्ली विसरून पुन्हा पुन्हा घरात शिरतो तसा.

सकाळचं लोडशेडिंग झाल्यावर मी डिस्क काढून शेजारच्या देवळे सरांच्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. कॉम्प्युटरला त्यात काहीच ओळखता आलं नाही. रेकॉर्डिंग कुलूपबंद होतं आणि त्याची किल्ली पेटीत होती. म्हणजे डिस्क पेटीतच चालवायची आणि ती चालेल तेवढ्या वेळात टीव्हीसमोर कॅमेरा लावून चित्र आणि आवाज उतरवून घ्यायचा. कॉलेजच्या कॅमेऱ्याला बाहेरून तार जोडायची सोय नव्हती. तो फक्त स्वतःच्या डोळ्यानं बघायचा आणि स्वतःच्या कानानं ऐकायचा. खोलीत जे वाजेल ते टेपवर जाणार.

अडचण सरळ होती. डिस्क थंड असली तरच चालत होती. थंड ठेवायला कूलर हवा. कूलर चालू ठेवला तर आईचा आवाज ऐकू येणार नाही.

मी छतावरच्या डिशच्या ताटलीची तार पेटीतून काढली, म्हणजे पेटी नवं काही नोंदवत बसणार नाही आणि डिस्कवरचा भार कमी होईल. मग दोघांना समोर बसवलं आणि आईच्या पाटीवर इंग्रजी अक्षरांत एकच शब्द लिहिला. फॉरमॅट.

"पेटी बंद करून पुन्हा चालू केली की ती डिस्क तपासते. डिस्क खराब वाटली तर पडद्यावर निळी चौकट येईल आणि त्यात हा शब्द असेल. तेव्हा ओके दाबायचं नाही. ओके दाबलं की सगळं पुसलं जाईल. कळलं?"

"हाओ," बाबा म्हणाले. त्यांना ओकेची सवय होती. पेटी दररोज काही ना काही इंग्रजीत विचारायची आणि बाबा न वाचता ओके दाबून तिला गप्प करायचे.

आईनं शब्द बोटानं गिरवला आणि मग पुसला.

रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी आई आंघोळीला गेली. दुपारी पुन्हा आंघोळ करायची तिला अलीकडे सवय लागली होती. मोरीतून नळाचा आवाज येत राहिला, बराच वेळ.

"हे पाय," बाबा मला म्हणाले. "रोजचं झालं हे. चार दिवसाआड पाणी येते अकोल्यात अन् तुझी माय नळ सोडून बसते आतमधी. टाकी रिकामी होते. सांगितलं तर पाटीवर 'बरं' लिहिते अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

"उन्हाचा त्रास होत असेल."

"मले होत नाई का?"

आई बाहेर आली. तिच्या गळ्यावर पांढरा सुती रुमाल होता. केस कोरडे होते. मी ते पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही.

*

पहिल्या खेपेला डिस्क चालली.

मी कॅमेऱ्याला डोळा लावून बसले होते. त्याची खिडकी काडेपेटीएवढी आणि काळी-पांढरी होती. तिच्यात आमच्याच स्वयंपाकघराचं लहानसं चित्र आलं आणि त्याच्यामागोमाग आईचा आवाज.

"हरभऱ्याची डाळ मी रात्रीच भिजत घातली होती. आता तिला जाडसर वाटायचं आहे."

टीव्हीवर आपण दिसणार म्हणून ती शहरी बोलायला लागली होती. पहिल्या दोन वाक्यांतच तिचा धीर सुटला.

"मिरची मले तिखटच लागते बाप्पा. तुम्ही मुंबईचे, तुम्ही कमी घाला."

निवेदिका हसली. बाबांच्या गुडघ्यावरचा हात किंचित हलला. आई टीव्हीकडे पाहत नव्हती. ती काळ्या डब्याकडे पाहत पंखा हलवत होती. पंखा करकरत होता. स्वतःच्या आवाजाला वारा घालणारी माझी आई मी एका डोळ्यानं पाहत होते आणि दुसऱ्या डोळ्यानं कॅमेऱ्यात.

"गोळे फुटू नयेत म्हणून काही खास युक्ती आहे का काकू?" निवेदिकेनं विचारलं.

"आहे ना. आधी एकच गोळा सोडायचा. उकळी चालू पाहिजे. तो फुटला नाई तरच बाकीचे सोडायचे. सगळे एकदम सोडले अन् फुटले, मंग पिठलं केलं म्हणून वाढायचं."

तेवढ्यात फाटक वाजलं.

"शशीताई! वो शशीताई! कुरड्या वाळल्या का वो तुमच्या? कावळे बसून राह्यले गच्चीवर!"

शेजारच्या सुमनकाकू. मी ओठांवर बोट ठेवून बाबांकडे पाहिलं. ते उठू लागले, मी मानेनं नको म्हटलं. दिवाण करकरला असता. काकूंनी आणखी दोनदा हाक मारली. टीव्हीवर आई कढीला फोडणी देत होती आणि बाहेर काकू आईच्या कुरड्यांबद्दल ओरडत होत्या. मग फाटक पुन्हा वाजलं आणि शांत झालं.

माझ्या कपाळावरून घाम कॅमेऱ्यावर टपकला. मी पेटीकडे पाहिलं आणि त्याच वेळी आतून तो आवाज आला. टक्.

एकदाच. आईचा हात जोरानं हलू लागला.

"...गोळे आता वर येतात पाहा, त्यांले हात लावायचा नाई, चमचा घालायचा नाई. पाहत बसायचं. धीर धरावा लागते..."

टक्. टक्. टक्.

चित्र चौकोनाचौकोनांत फाटलं आणि थांबलं. मी उठून भिंतीवरचं बटण बंद केलं. बाबा ताडकन उभे राहिले.

"काहून बंद केली? हसणं राह्यलं ना अजून!"

"बाबा, तापली ती. आणखी चालवली असती तर कायमची गेली असती."

"आता पुन्हा चालू होते का?"

"माहीत नाही."

मी कूलर लावला आणि पेटी त्याच्या तोंडासमोर हातभर अंतरावर ठेवली, पाण्याचा शिंतोडा येणार नाही अशी. आम्ही तिघं वाऱ्यात बसलो. आईनं पाणी आणलं. बाबांनी ग्लास हातात घेतला, पण प्याले नाहीत.

"शेवटचं आधी घेतलं असतं," ते म्हणाले. "मी म्हणत होतो तुले. मले कढी नाई पाहिजे. मले हसणं पाहिजे."

"पुढं पळवलं की दांडीला उड्या माराव्या लागतात. त्यानंच ती मरेल. जिथं थांबली तिथून पुढं चालवू."

"थोडंच राह्यलं आहे."

"हो. थोडंच."

कार्यक्रमाचा शेवट मला पाठ होता. येणाऱ्या प्रत्येकाला बाबा तो दाखवायचे. निवेदिका बाबांना ताट वाढते आणि विचारते, 'काका, कशी झाली आहे कढी?' बाबा नुसते जेवत राहतात. मग आई म्हणते, 'त्यांले काय विचारता बाप्पा. ते काही सांगत नाईत. आवडलं तर फक्त दोनदा मागून घेतात.' आणि हसते. पातेल्यावर डाव आपटून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. स्वरयंत्र काढलेल्या माणसाला आवाज करून हसता येत नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि बाबांना घरातून.

खरं म्हणजे आवाज शिकता येतो. नागपूरच्या दवाखान्यात त्यासाठी एक बाई होत्या, रेहाना मॅडम. हवा तोंडातून अन्ननलिकेत ढकलायची आणि ढेकरासारखी परत आणून तिचे शब्द करायचे. सुरुवात त, प, क अशा अक्षरांपासून, कारण ती म्हणताना हवा आपोआप आत दाबली जाते. "एक नीट शब्द यायला महिने लागतात," त्यांनी मला बजावलं होतं. "रोज सराव पाहिजे. लाजायचं नाही."

घरी आल्यावर आईनं एकदा प्रयत्न केला. मी तेव्हा इथेच होते. जेवताना ती बाबांकडे पाहून काहीतरी म्हणाली. शब्द नव्हता तो, बुडबुडा फुटावा तसा आवाज होता. बाबांचा घास हातातच राहिला. मग ते उठले, हात न धुता रिमोट घेतला आणि कढीगोळे लावले. "तू त्रास नको करून घेऊ," ते आईला म्हणाले. "हे आहे ना." टीव्हीतली आई बोलत राहिली आणि पानावरची आई जेवत राहिली. त्यानंतर तिनं नागपूरला जायचं सोडलं. पाटी मात्र नवीन घेतली.

"थंड झाली का?" बाबांनी विचारलं.

मी डिस्कवर हाताची मागची बाजू ठेवली. "झाली."

*

दुसऱ्या खेपेला मी कॅमेरा आधी सुरू केला आणि मग पेटी. चालू होतानाचा एक क्षणही वाया घालवायचा नव्हता.

कूलर बंद. पंखा चालू. पेटीवरचा लाल दिवा लागला, हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. आतली तबकडी फिरायला लागली. मी डोळा खिडकीला लावला. पडदा काळा होता. मग त्यात एक फिकट चौकोन उजळला. कार्यक्रमांची यादी आली असावी, असं मला वाटलं. त्या काडेपेटीएवढ्या काळ्या-पांढऱ्या काचेत अक्षरं वाचता येत नव्हती. मी बाबांच्या बोटाची वाट पाहत राहिले.

बाबा पुढे झुकल्याचं मला बाजूनं कळलं. रिमोट त्यांनी उचलला.

"थांबा!"

आवाज जाड होता, कोरडा होता, खोल होता. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा. बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. पहिल्या क्षणी मला वाटलं टीव्हीतूनच आला. मी डोळा काढला.

पडद्यावर निळी चौकट होती. त्यात मी सकाळी पाटीवर लिहिलेला शब्द होता, आणि त्याच्याखाली ओके पिवळ्या रंगात उजळलं होतं. बाबांचा अंगठा रिमोटच्या मधल्या बटणावर होता. टेकलेला, दाबलेला नव्हता.

ते वळून आईकडे पाहत होते.

आई पाटावर, पेटीशेजारी, होती तशीच बसली होती. तिचा हात थांबला नव्हता. पाटी दिवाणाखाली होती. बाबांची नजर तेव्हा पडद्यावर होती. खूण करून त्यांना दिसली नसती.

बोलायचं नाही असं मीच सांगितलं होतं. कॅमेरा चालू होता. मी चवड्यांवर चालत गेले, बाबांच्या बोटांखालून रिमोट सोडवून घेतला आणि मागे जायचं बटण दाबलं. निळी चौकट गेली. यादी आली. यादीत एकच ओळ होती. मी तिच्यावर आले आणि पुढे चालू करायला सांगितलं.

टक्.

मग काही नाही. मग आमचं स्वयंपाकघर.

"...धीर धरावा लागते. हां, आता पाहा, झाली कढी."

मी परत कॅमेऱ्याकडे गेले. टीव्हीवर आई ताट वाढत होती. मीठ, लिंबू, भात, त्यावर कढी, कढीत गोळे. ज्या हसण्यासाठी बाबांनी मला अमरावतीहून बोलावलं होतं ते आता एका ताटाच्या अंतरावर होतं आणि बाबा तिकडे पाहतच नव्हते. ते आईकडे पाहत होते. आई डब्याकडे पाहत होती. तिच्या कानशिलावरून घाम गळ्यावरच्या रुमालात उतरत होता.

दोन अक्षरं. त्यातलं पहिलं थ. ती अशी एकाएकी येत नाहीत हे या खोलीत मला एकटीला माहीत होतं. रोज, कुणी ऐकणार नाही अशा जागी बसून, महिनोन्‌महिने...

कोरडे केस मला तेव्हा आठवले.

"काका," टीव्हीतली मुलगी म्हणाली, "कशी झाली आहे कढी?"

टीव्हीतले बाबा जेवत राहिले.

टक्. टक्.

आईच्या पंख्याचा वेग वाढला. करकर, करकर, करकर.

"त्यांले काय विचारता बाप्पा," टीव्हीतली आई म्हणाली. "ते काही सांगत नाईत. आवडलं तर फक्त..."

टक्टक्टक्टक्. आणि मग एक बारीक, वर चढत जाणारी शीळ, आणि ती शीळ उतरत उतरत नाहीशी झाली. तबकडी थांबली होती. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, पण डिस्क पुन्हा फिरणार नाही हे मला कळलं.

पडद्यावर आईचं चित्र गोठलं होतं. हातात डाव, मान बाबांकडे वळलेली, तोंड उघडं.

आई वारा घालतच होती, कारण थांब असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी भिंतीवरच्या बटणाकडे गेले नाही. कॅमेराही बंद केला नाही. का, ते मला सांगता येणार नाही. प्रयोग फसला तरी नोंद पूर्ण होईपर्यंत उपकरण बंद करायचं नाही, ही सवय असेल.

बाबांचे खांदे खाली आले. "गेलं," ते म्हणाले. "हसणं गेलं."

आईनं हनुवटी किंचित वर केली. ओठ मिटले, गालात हवा भरली, ती गिळली. मला ते सगळं दिसत होतं. रेहाना मॅडमनी शिकवल्याप्रमाणे, एकेक पायरी.

"दोनदा," ती म्हणाली.

थांबली. पुन्हा हवा घेतली.

"मागून. घेतात."

खोलीत पंख्याखेरीज आवाज नव्हता. बाबा तिच्याकडे पाहत होते. त्यांचा हात सवयीनं दिवाणावर रिमोट शोधत गेला. रिमोट माझ्याजवळ होता. हात तिथेच थांबला आणि मग परत त्यांच्या मांडीवर आला.

मला भीती वाटली की ते उठतील.

"तिसऱ्यांदाही घेतो," बाबा शेवटी म्हणाले. "कधी कधी."

आईची मान खाली गेली. तिचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता. पंखा हातातच होता.

बाबा थोडा वेळ ते पाहत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी मोरीच्या दाराकडे पाहिलं, मग आईकडे.

"अवं," ते म्हणाले, "नळ सोडून तू हेच करत होती काय आतमधी?"

आईनं मान वर न करता हो म्हटलं.

"किती पाणी घालवलं," बाबा म्हणाले. दिवाणावर थोडं सरकून त्यांनी शेजारी जागा केली. मग म्हणाले, "इथं बसून करत जा. पाणी तरी वाचेल."

मी कूलर लावला.

*

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला. त्यानं डिस्क कानाशी धरून हलवली आणि म्हणाला, "यात काही राहिलं नाही ताई." नवी पेटी लावून तो जुनी घेऊन गेला. नव्या पेटीवर आईनं काही घातलं नाही. नंदी देवघरात गेला. त्या उन्हाळ्यात मोरीतला नळ पुन्हा वाहता राहिला नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात बाबा गेले. आई फोनवर बोलते. अनोळखी माणूस तिला 'भाऊ' म्हणतो आणि ती त्याला दुरुस्त करत नाही. म्हणते, भाव कमी लावतात.

ती टेप माझ्याकडे आहे. मी तिच्या प्रती करून ठेवल्या आहेत, तीन वेगवेगळ्या जागी. तिच्यात हरभऱ्याची डाळ आहे, सुमनकाकूंचे कावळे आहेत, निळ्या चौकटीवर ऐकू येणारं ते 'थांबा' आहे. शेवटी चित्र हलायचं थांबतं. आई उघड्या तोंडानं बाबांकडे पाहत राहते आणि आवाज येतो, 'दोनदा. मागून. घेतात.' माहीत नसलेल्याला वाटतं, पडद्यावरची बाईच बोलते आहे.

मग बाबा तिसऱ्या वेळेचं सांगतात. त्यानंतर थोडा वेळ टेपवर कुणाचाच आवाज नाही. फक्त पंखा आहे. इतका वेळ तालात चाललेली त्याची करकर तिथं अडखळते, भराभर येते, थांबते, पुन्हा भराभर येते.

ते आईचं हसणं आहे. बाबा ते लावून ऐकायचे.